अंगणातील जुनी मोटार : जतन, पुनर्वापर आणि निरोप

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नशिराबाद हे जुने व मोठ्या वस्तीचे गाव आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून आणि आता क्रमांक ५३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याने खानदेशाच्या जीवनाला गती दिली. कापूस, केळी, धान्य, लग्नाची वऱ्हाडे आणि दवाखान्यात न्यावयाचे रुग्ण या सर्वांची ने-आण याच वाटेने होत आली. रस्त्याच्या कडेने वसलेल्या गावांत मोटारीशी माणसांचे नाते केवळ उपयोगाचे राहिले नाही. ते हळूहळू घरोब्याचे झाले.

या पट्ट्यातील एखाद्या घराची कल्पना करावी. अंगणात निंबाच्या झाडाखाली एक जीप किंवा फियाट मोटार उभी आहे. आजोबांनी ती कापसाच्या पैशातून घेतली होती. घरातील मुलीची पाठवणी तिच्यातून झाली, थोरल्या मुलाने तिच्यावरच चालविण्याचे धडे घेतले. आजोबा गेले आणि गाडी थांबली. ती विकावी असे कोणाला वाटत नाही. दुरुस्त करण्यास कोणाला सवड नाही. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, तळाचा पत्रा गंजतो, टायर मातीत रुततात आणि आठवण म्हणून ठेवलेली वस्तू काही वर्षांत ओळखूही येत नाही.

अशा वाहनाचे काय करावे, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. परंतु त्याच्याशी रस्त्यावरील सुरक्षितता, गावाचे आरोग्य, वारसाहक्काची कागदपत्रे आणि राष्ट्रीय साधनसंपत्तीची बचत या चार सार्वजनिक बाबी निगडित आहेत. जुन्या वाहनापुढे तीन सन्मानाच्या वाटा आहेत : ते नीट दुरुस्त करून कायदेशीरपणे वापरावे, मूळ रूपात जतन करावे, किंवा त्यातील साहित्य उपयोगात आणून त्याला रीतसर निरोप द्यावा. निर्णय न घेता ते कुजू देणे ही चौथी वाट मात्र ना भावनेची आहे, ना व्यवहाराची.

जिव्हाळ्याचे मूळ

आज जुनी म्हणून ओळखली जाणारी बहुतेक वाहने महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाशी जोडलेली आहेत. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईतील कुर्ला येथे मोटारी तयार होऊ लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने बनलेली ‘अकराशे’ ही मोटार १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. स्टीअरिंगच्या दांड्यालगत असलेली गिअरची काठी आणि चार सिलिंडरांचे १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन ही तिची वैशिष्ट्ये एका संपूर्ण पिढीला पाठ होती. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावणाऱ्या अखेरच्या नोंदणीकृत पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा शहराने तिला एखाद्या आप्ताप्रमाणे निरोप दिला.

ग्रामीण भागात हेच स्थान महिंद्र कंपनीच्या जीपला लाभले. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत तयार झालेल्या विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. कच्च्या रस्त्यावरून, नदीच्या उतारातून आणि काळ्या मातीच्या चिखलातून जाणारे हे वाहन शेतकरी, तहसीलदार आणि आरोग्य पथके अशा सर्वांचेच झाले. पुण्याजवळील आकुर्डी येथे तयार झालेल्या आणि राणा प्रताप यांच्या घोड्याचे नाव धारण करणाऱ्या चेतक स्कूटरने १९७२ पासून मध्यमवर्गीय संसाराचा भार वाहिला. स्कूटर मिळण्यासाठी तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जी वस्तू इतक्या प्रतीक्षेनंतर घरात येई, ती टाकून देण्याचा विचार सहजासहजी मनात येत नसे, यात नवल नाही.

या वाहनांची रचनाही जिव्हाळ्याला पोषक होती. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, रेडिएटर, डायनॅमो हे सर्व भाग डोळ्यांना दिसत. पाना, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या साधनांवर घरच्या माणसाला बरीच कामे करता येत. वाहन समजत असे, म्हणून ते आपले वाटत असे.

काहीही वाया न घालविण्याची परंपरा

खानदेशातील घरांना साहित्याच्या पुनर्वापराची शिकवण कोणी बाहेरून दिलेली नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी होते आणि तिच्या टाक्यांत आजीची आठवण शिवली जाते. धाब्याचे घर उतरविले की त्यातील सागवानी खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी नव्या घरात बसविल्या जातात. वस्तूचे रूप बदलते, पण तिचा घराशी असलेला धागा तुटत नाही.

वाहनांच्या बाबतीतही हेच घडत आले. मोटारीची चाके व टायर बैलगाडीला लागले आणि ‘डनलॉप’ची गाडी अस्तित्वात आली. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेल्या गाडीपेक्षा ती बैलांना हलकी जाते आणि रस्त्यालाही कमी इजा करते. निकामी टायरच्या चपला झाल्या. ट्रकच्या कमानीचे पाटे लोहाराच्या भट्टीत जाऊन विळे, कोयते आणि कुऱ्हाडी बनले. यामागे साधे शास्त्र आहे. कमानीच्या पोलादात कर्बाचे प्रमाण साध्या लोखंडी पट्टीपेक्षा अधिक असते. त्यामुळे तापवून, ठोकून व योग्य रीतीने पाणी दिल्यावर त्याला टिकाऊ धार येते. लोहाराला हे सूत्र पुस्तकातून नव्हे, ऐरणीवर उमगले होते.

सार्वजनिक संस्थांनीही ही दृष्टी ठेवली आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या राज्य परिवहन सेवेने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांतून जुन्या चेसिसवर नवे सांगाडे चढविले आणि झिजलेल्या टायरांवर रबराचा नवा थर देऊन ते पुन्हा वापरात आणले. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी घटले, तेव्हा महामंडळाच्या जुन्या बसगाड्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर करण्यात आले. पुण्यात जुन्या बसगाड्यांतून महिलांसाठी स्वच्छतागृहे तयार करण्यात आली. योग्य हातात पडल्यास निवृत्त वाहनालाही दुसरे आयुष्य लाभते, याची ही उदाहरणे होत.

दुरुस्तीचा योग्य क्रम

जुने वाहन पुन्हा चालू करण्याचे ठरले की बहुधा प्रथम रंगाचा विचार होतो. ही उलटी सुरुवात आहे. जाणकार कारागीर आधी पाहणी करतो, नंतर सांगाडा, मग ब्रेक व स्टीअरिंग, त्यानंतर इंजिन आणि विजेच्या तारा, आणि सर्वांत शेवटी रंग व गादीकाम असा क्रम ठेवतो.

पाहणीत सर्वाधिक महत्त्व गंजाला आहे. तापीच्या खोऱ्यातील उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. त्यामुळे रबरी नळ्या, खिडक्यांच्या पट्ट्या आणि टायर यांना तडे जातात. त्याउलट पावसाळ्यात काळी माती दीर्घकाळ ओलावा धरून ठेवते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या वाहनाचा तळ खालून खाल्ला जातो. वरून धड दिसणारा पत्रा बोटाने दाबला असता फुटतो. अशा जागी केवळ पुट्टी भरून रंग देणे ही फसवणूक ठरते. कुजलेला भाग कापून तेथे त्याच जाडीचा पत्रा जोडला पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेणे, काढलेले नट-बोल्ट डब्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या लावणे आणि तारांच्या जोडण्यांची आकृती काढून ठेवणे या तीन सवयी पुढील मनस्ताप वाचवितात. अर्ध्यावर सोडलेल्या दुरुस्त्यांपैकी कित्येक पैशाअभावी नव्हे, तर सुटे भाग हरवल्यामुळे थांबतात.

इंजिनाच्या बाबतीत आजच्या इंधनाचा विचार आवश्यक आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते, तर अलीकडच्या वर्षांत पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या व वॉशर त्यामुळे फुगतात किंवा ठिसूळ होतात, आणि दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून इंधनाच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग नव्या इंधनाला टिकणारे बसविणे हा खर्च टाळता येण्याजोगा नाही.

पुनर्वापर कोठे करावा आणि कोठे करू नये, याची रेषा स्पष्ट असावी. दरवाजे, बंपर, मूठ, दिव्यांची चौकट, आसनाचा सांगाडा, गिअरबॉक्सचे आवरण असे भाग दुसऱ्या गाडीतून काढून वापरण्यास हरकत नाही. परंतु ब्रेकचे लायनर, ब्रेकच्या नळ्या, मास्टर सिलिंडरचे रबर, टायर आणि स्टीअरिंगचे सांधे हे नवेच असावेत. ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे तेथे काटकसर करता येत नाही. नशिराबादजवळून जाणारा महामार्ग आता चौपदरी झाला आहे. त्यावरील वाहतुकीचा वेग जुन्या गाडीच्या काळात नव्हता. चारही चाकांवर समान न लागणारा ब्रेक अशा रस्त्यावर क्षणात घात करतो.

कामगारांच्या आरोग्याची एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. जुन्या ब्रेक व क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसचा वापर होत असे. त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत अपायकारक असते आणि तिचे परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. म्हणून ब्रेकचे ड्रम हवेच्या झोताने साफ करू नयेत. ओल्या फडक्याने पुसावेत आणि ते फडके बंद पिशवीत ठेवावे. जुन्या रंगातही शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा न घासता ओला करून घासावा, आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

कागदपत्रांचा वारसा

वाहनाची दुरुस्ती झाली, पण नोंदणी मृत आजोबांच्याच नावावर राहिली, तर केलेला सारा खर्च अडचणीत येऊ शकतो. शेतजमिनीच्या बाबतीत वारसनोंदीची काळजी घेणारी कुटुंबेही मोटारीच्या बाबतीत गाफील राहतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील केंद्रीय नियमांनुसार, मालकाच्या मृत्यूनंतर वाहन ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती द्यावी लागते. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत त्याला ते वाहन वापरता येते आणि याच मुदतीत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो. एकाहून अधिक वारस असतील तेव्हा इतरांची संमती आधीच लेखी घेणे हिताचे असते. गाडीवरून होणाऱ्या भावाभावांतील वादाचे मूळ पुष्कळदा या एका न लिहिलेल्या कागदात असते.

विम्याची नोंदही नव्या मालकाच्या नावाने होणे आवश्यक आहे. त्रयस्थ पक्षाच्या हानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना अपघात झाला तर भरपाईचा भार कुटुंबाच्या जमीनजुमल्यावर येऊ शकतो. प्रेमाने जपलेल्या गाडीमुळे शेत गहाण पडावे, याहून दुर्दैव कोणते?

‘पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीतच काढावी लागते,’ असा एक समज सर्वत्र पसरला आहे. तो बरोबर नाही. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणीत वाहन योग्य ठरल्यास तिचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते. दिल्ली परिसरासाठी न्यायालय व हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनी घातलेले वयाचे निर्बंध त्या भागापुरते आहेत. त्यांवरून महाराष्ट्राविषयी अनुमान काढू नये. मात्र जुने वाहन ठेवणे आता पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क दुचाकीसाठी १,००० रुपये आणि हलक्या मोटारीसाठी ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने वीस वर्षांवरील वाहनांसाठी ते अनुक्रमे २,००० व १०,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना आवश्यक असलेली उच्च सुरक्षा नोंदणी पाटी यांचाही हिशेब आधीच करावा.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. निर्मात्याने दिलेल्या वैशिष्ट्यांत मनाप्रमाणे बदल करण्यास अधिनियमाच्या कलम ५२ ने प्रतिबंध केला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. जीपला दुसऱ्याच वाहनाचे इंजिन बसविणे किंवा चेसिस कापून लांब करणे हा कौशल्याचा विषय असेल. परंतु परवानगीवाचून तो नोंदणी धोक्यात आणणारा विषय आहे.

पन्नाशी ओलांडलेले वाहन

ज्या वाहनांना खरोखर ऐतिहासिक मूल्य आहे त्यांच्यासाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ या वर्गात नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असे ठरविण्यात आले. नव्याने नोंदविलेल्या वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना मूळ क्रमांक ठेवता येतो.

ही तरतूद कुटुंबांच्या दृष्टीने मोलाची आहे. जळगावच्या ‘एमएच १९’ किंवा धुळ्याच्या ‘एमएच १८’ या मालिका सुरू होण्यापूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकाची पाटी हीच अनेक घरांत मोठी ठेव असते. परंतु या वर्गातील वाहन नेहमीच्या कामासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी तसेच इंधन भरणे व देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते चालविता येते.

यातून एक महत्त्वाचा बोध निघतो. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. पण दरम्यान तिचे इंजिन बदलून दुसरे बसविले असेल, तर वय असूनही ती या वर्गास पात्र ठरणे कठीण. म्हणून चाळिशीत असलेल्या गाडीच्या मालकाने दुरुस्ती करताना ‘गाडी चालू झाली पाहिजे’ एवढाच विचार न करता ‘गाडी मूळची राहिली पाहिजे’ हाही विचार करावा. मूळ भाग झिजला तरी तो दुरुस्त करून वापरावा. बदलावाच लागला तर त्याच बनावटीचा शोधावा आणि काढलेला भाग व बिले जपून ठेवावीत. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून अनेक देशांची जुनी लढाऊ वाहने मांडली आहेत. लोखंडातूनही इतिहास वाचता येतो, हे तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सहज उमगते. गावातील जपलेली एक जीप हेच काम लहान प्रमाणात करू शकते.

निरोपाची रीत

प्रत्येक वाहन वाचविता येत नाही. चेसिसच कुजली असेल, कागदपत्रे पूर्ण असूनही दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर असेल किंवा सुटे भागच मिळत नसतील, तर निरोप घेणे शहाणपणाचे. यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन निष्कासन केंद्रांविषयीचे नियम अधिसूचित करण्यात आले. नोंदणीकृत केंद्रात वाहन जमा केल्यावर मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते. त्याआधारे नवे वाहन घेताना नोंदणी शुल्कात माफी मिळते आणि मोटार वाहन करातही सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत या कर-सवलतीची कमाल मर्यादा खासगी वाहनास २५ टक्के व परिवहन वाहनास १५ टक्के अशी असून तिच्या आत राज्य आपला दर ठरविते.

गाडी परस्पर भंगारवाल्याला देऊन मोकळे होण्यात मोठा धोका आहे. नोंदणी रद्द झालेली नसते, म्हणून कागदोपत्री मालक तोच राहतो. त्या क्रमांकाचा किंवा चेसिसचा दुरुपयोग झाल्यास चौकशी त्याच्या दारी येते. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे, असे अधिनियमाचे कलम ५५ सांगते.

निरोप देताना आठवण ठेवण्यास मज्जाव नाही. केंद्राशी आधी बोलून स्टीअरिंगचे चाक, बॉनेटवरील चिन्ह, हॉर्न किंवा आसनाचे कापड घरी ठेवता येईल. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेले स्टीअरिंग भिंतीवर असणे, हे अंगणात गंजणाऱ्या टनभर लोखंडापेक्षा अधिक बोलके असते. उरलेले लोखंडही वाया जात नाही. मोटारीच्या वजनाचा सर्वांत मोठा हिस्सा पोलाद व लोखंडाचा असतो. राष्ट्रीय पोलाद भंगार पुनर्वापर धोरणात (२०१९) दिल्याप्रमाणे एक टन भंगाराच्या वापराने सुमारे १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळविण्यास तर खनिजापासून ते काढण्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. खानदेशाच्या शेजारच्या मराठवाड्यात जालना येथील भट्ट्या भंगारापासून बांधकामाच्या सळ्या तयार करतात. आज मोडलेली मोटार उद्या एखाद्या शाळेच्या छतात उभी राहू शकते.

गावाने करावयाचे काम

रस्त्याकडेला व अंगणात पडून राहिलेली वाहने हा ग्रामपंचायती व नगरपंचायतींच्याही आस्थेचा विषय असला पाहिजे. जुन्या टायरांत साचणाऱ्या पावसाच्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. बॅटरीतील शिसे व गंधकाम्ल आणि इंजिनातील जळके तेल जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत करावी आणि जळके तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, एवढी दोन पथ्ये जरी पाळली तरी मोठी हानी टळेल. पावसाळ्यापूर्वीच्या स्वच्छता मोहिमेत अशा वाहनांची यादी करून मालकांना योग्य पर्याय समजावून सांगणे हे दंडापेक्षा अधिक फलदायी ठरते.

शासकीय कार्यालयांना तर पर्याय निवडण्याची मुभा उरलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार केंद्र व राज्य शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, परिवहन उपक्रम आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी यातून वगळली आहेत. पंचायतीच्या आवारात उभी असलेली जुनी जीप वा पाण्याचा टँकर केवळ ‘निर्लेखन बाकी’ म्हणून वर्षानुवर्षे राहू नये. त्याची किंमत दर पावसाळ्यात घटत असते, आणि ती किंमत लोकांची असते.

शिक्षकांसाठी जुने वाहन ही उघडी प्रयोगशाळा आहे. तरफ, घर्षण, उष्णतेचे वहन, विद्युतमंडल आणि गंजण्याची रासायनिक क्रिया हे पाठ्यपुस्तकातील सर्व विषय तेथे हाताने तपासता येतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार दुरुस्तीच्या विद्यार्थ्यांना नव्या वाहनांतील इलेक्ट्रॉनिक प्रणालींबरोबरच कार्ब्युरेटर जुळविण्याचे आणि पत्रा ठोकून घडविण्याचे कसब शिकविले गेले, तर नव्या पिढीला एक उपजीविकाही मिळेल. पत्रा घडविणारे, रेडिएटर झाळणारे, लेथवर हुबेहूब सुटा भाग कातून देणारे जुने कारागीर आता उतारवयात आहेत. त्यांच्या हातातील विद्या कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही. गाड्या वाचविण्यापूर्वी ही विद्या वाचविण्याची गरज आहे.

कुटुंबांनीही एक साधे काम आजच करावे. गाडी घेतली त्या दिवसाची पावती, नोंदणीचे जुने पुस्तक, तिच्यासमोर काढलेली छायाचित्रे आणि घरातील वृद्धांनी सांगितलेल्या तिच्या आठवणी एका वहीत एकत्र कराव्यात. गाडी राहो वा जावो, ही वही राहील. गोधडी शिवणारी आजी जुन्या लुगड्यातील धड भाग निवडते, विरलेला बाजूला काढते आणि मग टाका घालते. निवड केल्यावाचून गोधडी होत नाही. जुन्या मोटारीच्या बाबतीतही काय ठेवावे, काय वापरावे आणि काय सोडून द्यावे याची निवड वेळेवर झाली, तर आजोबांचा मानही राहील आणि नातवंडांचा रस्ताही सुरक्षित होईल.